एक मोजा घट्ट

एप्रिलमध्ये लोकर मागितली
तर दुकानदार विचारतो, "कुठं निघालात?"
म्हटलं, कुठं नाही. विक्रोळीलाच.
त्यानं पंखा माझ्याकडं वळवला
आणि वरच्या फळीवरून, धूळ झटकत,
काढले गुंडे: पिस्ता, लिंबू,
आणि एक निळा, जो मी लगेच ओळखला.

चौतीस वर्षं टेलिफोनच्या केबली जोडल्या मी.
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा.
चेंबूरच्या रस्त्याखाली, खड्ड्यात उकिडवा बसून
दोनशे जोड्या, एकेक पीळ,
वरून ट्रक गेला की मानेवर माती.
सुया बघून धाकटा भाऊ म्हणाला,
"दादा, हे बायकांचं काम."
दोन टोकं आणि एक पीळ.
यात बाईचं काय नि बाप्याचं काय?

शिकवलं शेजारच्या फिलोमिना टीचरनं,
जिन्यात बसून, कारण तिच्याकडं त्या दिवशी
पेस्ट कंट्रोल होतं. मग जिनाच ठरला.
"सुलटा. सुलटा. आता उलटा.
अहो केणीकाका, गळा नका आवळू त्याचा!"
पण माझा टाका असा, की सुई शिरेना.
सैल जोड म्हणजे मेलेली लाइन,
हे हाताला कोण विसरायला लावणार?

शर्वाणीला सांगितलं नव्हतं.
आमच्यात बाळ यायच्या आधी काही आणत नाहीत.
झबलं नाही, दुपटं नाही,
नावसुद्धा मनातल्या मनातच.
मी मानत नाही असलं काही.
तरी पिशवी ठेवायचो गव्हाच्या डब्यामागं,
आणि कुणी पाहिलंच तर
"फोनचं कव्हर विणतोय."

सातव्या ओळीला कळलं, चौथीत टाका सुटलाय.
"उसवा," टीचर म्हणाली.

सत्त्याऐंशी साली माझ्याकडून जोडी चुकली होती.
घाटल्यातल्या एका कुटुंबाचे फोन
गोवंडीच्या एका म्हाताऱ्याकडं वाजत राहिले,
अकरा दिवस.
त्यानं तक्रार केली नाही.
प्रत्येकाला म्हणायचा, "थांबा हं, बोलावतो,"
आणि जरा वेळानं, "बाहेर गेलेत. तुम्ही कसे आहात?"
मी दुरुस्तीला गेलो तर दारातच म्हणाला,
"राहू द्या की अजून दोन दिवस."
साहेब खाली जीपमध्ये होते.
मी जोडी बदलली.

उसवलं. उसवलेली लोकर
लगेच सरळ होत नाही,
शेवयांसारखी पडून राहते मांडीवर.

मुंबईत थंडी असते.
घाटकोपरला, तिसऱ्या मजल्यावर, काचेपलीकडं,
चोवीस तास, बारा महिने.
चौदा मेला मी तिथं उभा होतो अर्ध्या बाहीच्या शर्टात
आणि दात वाजत होते.
सिस्टर बाहेर आली. "पाय गार पडलेत बाळाचे.
मोजे आणलेत का कुणी?"
भावानं वहिनीकडं पाहिलं,
वहिनीनं जावयाच्या आईकडं.
आधी आणायचं नसतं ना.
मी खिशात हात घातला.
"हे तर फोनचं कव्हर," भाऊ म्हणाला.

डावा घट्ट, कारण तो आधीचा.
उजवा सैल. तोवर हात सुटला होता.

जोड झाला की आम्ही एकदा तपासायचो,
पलीकडं कुणी आहे का.
मोजा चढवण्याआधी
मी तिच्या तळव्याला बोट टेकवलं.
पाची बोटं मिटली तिनं,
तांदळाएवढ्या नखांसकट.

उजवा संध्याकाळपर्यंत हरवला.
पलंगाखाली पाहिलं, चादरीत पाहिलं,
वॉर्डबॉयला कपड्यांचं गाठोडं उपसायला लावलं.
नाही मिळाला.

आता जिन्यात बसून तिसरा विणतोय.
माप घ्यायला डावा आणलाय खरा,
पण तो मागच्या आठवड्याच्या पायाचा.
"हात उचला, केणीकाका," टीचर म्हणते.
"नि चार टाके जास्तच घाला."